संस्थापक नक्की कुणाला जबाबदार? न्यू इंग्लिश स्कूलपासून खासगी विद्यापीठापर्यंत

आमच्या घरी एक पावती अजून जपून ठेवलीये. १९९६ ची, मोठ्या भावाच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची. पावतीवर जो आकडा आहे तेवढे पैसे कॅशिअरच्या खिडकीत भरले, आणि बाकीचे बाबा कापडी पिशवीतून आतल्या खोलीत घेऊन गेले. पीएफमधून काढलेले होते. आतल्या माणसाने दोनदा मोजले, ड्रॉवरमध्ये टाकले आणि बिल्डिंग फंड म्हणाला. बाबांनी विचारलं याची पावती, तर तो म्हणाला साहेबांना विचारून सांगतो. ती काही आली नाही. साहेब म्हणजे संस्थापक अध्यक्ष, ज्यांचा मोठा फोटो ऑफिसच्या भिंतीवर होता आणि जे भावाला चार वर्षांत एकदाच दिसले, गॅदरिंगला.

कॉलेजचं नाव इथे लिहित नाही कारण तेव्हा असं एकच कॉलेज नव्हतं. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, की या साहेबांना हिशोब विचारायचा तर कुणी विचारायचा? ते संस्थेचे मालक होते का? कायद्याने नव्हते, आजही नसतात. मग कोण होते? याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१८८० मध्ये पुण्यात चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्या लोकांनी स्वतःला काय म्हणवून घेतलं ते बघा: आजीव सदस्य. वीस वर्षं संस्थेत शिकवायचं, ठरलेला बेताचा पगार घ्यायचा, आणि संस्था आपली असली तरी आपल्या मालकीची नाही हे पक्कं. गोखले असेच १९०२ पर्यंत शिकवत राहिले. आगरकरांनी आईला आधीच कळवून टाकलं होतं की शिकलो म्हणून मोठ्या पगाराची आशा ठेवू नकोस.

आणि भांडण कशावरून झालं? टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडली त्यामागे मतभेद बरेच होते, पण एक मोठा मुद्दा होता की आजीव सदस्याने बाहेरून कमाई करावी का, आपला वेळ दुसरीकडे द्यावा का. म्हणजे संस्थापकाच्या आचाराचा प्रश्न, आज ज्याला आपण कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट म्हणतो तो, त्या लोकांनी स्वतःहून स्वतःला विचारला, त्यावर मतदान केलं, दोस्ती तुटेपर्यंत भांडले. बरोबर कोण होतं ते बाजूला ठेवा. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की संस्थापकाला विचारणारी माणसं त्याच टेबलावर बसलेली होती आणि त्यांचं मत मोजलं जात होतं.

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगमधल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिच्याकडे हिशोबाच्या बाजूनेही बघता येतं: पैसा संस्थापकाच्या घरातून संस्थेत चालला होता. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाचं तसंच, १९१६ मध्ये काढलं आणि स्वतः गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव लागलं, आजचं एसएनडीटी. देणगीदाराचं नाव लागलं पण विद्यापीठ ठाकरसी घराण्याचं झालं नाही, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, सिद्धार्थ आणि मिलिंद कॉलेजं उभी केली, तीही सोसायटीच्या नावावर.

मग स्वातंत्र्यानंतर कायदा आला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. धर्मादाय आयुक्त, शेड्युल वन (ट्रस्टच्या विश्वस्तांची आणि मालमत्तेची सरकारी नोंद), चेंज रिपोर्ट (त्या नोंदीतला बदल कळवणारा अर्ज), ऑडिट हे सगळं त्यातलं. कागदावर हा कायदा चांगला कडक आहे. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचं, धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ट्रस्टची जमीन विकायची नाही, बिगरशेती जागा तीन वर्षांवर भाडेपट्ट्याने द्यायची नाही, आणि विश्वस्ताने गडबड केली तर कलम ४१ड खाली त्याला निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. म्हणजे संस्थापकाला जाब विचारायची सोय या राज्यात सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपासून आहे. अडचण अशी की विचारणारा बहुतेक वेळा त्याच संस्थेतला दुसरा विश्वस्त असतो, आणि विश्वस्त मंडळात बायको, मुलगा, सून, मेहुणा असले तर तक्रार करणार कोण. माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे मी काही वर्षांपूर्वी एका संस्थेचे जुने चेंज रिपोर्ट बघितले होते, पहिल्या कागदावर नऊ वेगवेगळी आडनावं, शिक्षक, डॉक्टर, एक शेतकरी, आणि शेवटच्या कागदावर नऊपैकी सात जणांचं आडनाव एकच. प्रत्येक बदल रीतसर मंजूर झालेला. कुठेही नियम मोडलेला नाही.

आता १९८३. महाराष्ट्रातली मुलं तेव्हा डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जायची, तिकडे मणिपालला १९५३ पासूनच खासगी मेडिकल कॉलेज होतं. सरकारकडे नवी कॉलेजं काढायला पैसा नव्हता. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. या निर्णयाला नुसत्या शिव्या घालणं मला पटत नाही. खेड्यातल्या किती पोरांच्या घरात पहिला इंजिनिअर त्यामुळे झाला, माझा भाऊ त्यातलाच. पण एक गोष्ट तेव्हा सुटली आणि ती मोठी होती. अनुदान असतं तेव्हा सरकार पगार देतं म्हणून सरकार हिशोब मागतं. अनुदान गेलं आणि त्याबरोबर हिशोब मागणाराही गेला, त्याच्या जागी दुसरा कुणी नेमलाच नाही. आणि कॉलेजं काढली कुणी, तर ज्यांच्याकडे जमीन, सहकारातलं वजन आणि मंत्रालयात ओळख होती त्यांनी. शिक्षणसम्राट हा शब्द मराठीत रुळला तो याच काळानंतर. त्याच्या आधी शिक्षणमहर्षी म्हणायचे. एका पिढीत शब्द बदलला, लोकांना काय दिसत होतं ते त्यावरूनच कळतं.

चार वर्षांत कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीच्या वर घेतलेला पैसा, त्याच्या बंदीचा कायदा करावा लागला, १९८७ चा, तुरुंगवासाच्या तरतुदीसह. मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या बाबांनी पिशवी आत नेली तेव्हा हा कायदा लागू होता. गुन्हा सिद्ध करायला पालकाने पुढे यायला हवं, आणि पालक मुलाचं वर्ष पणाला लावून पुढे येत नाही, बाबाही आले नाहीत.

पुढची पंचवीस वर्षं सगळी कोर्टात गेली. १९९२ मध्ये मोहिनी जैन प्रकरणात सुप्रीम कोर्टाने कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन निकाल आला, निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंट सीट, आणि शिक्षण हा धंदा होऊच शकत नाही असं कोर्टाने म्हटलं. मग २००२ मध्ये टीएमए पै प्रकरणात ११ न्यायाधीशांच्या पीठाने ती स्कीम रद्द केली, शिक्षणसंस्था चालवणं हा घटनेच्या १९(१)(जी) कलमाखालचा व्यवसाय आहे असं धरलं, आणि वाजवी शिल्लक चालेल पण नफेखोरी चालणार नाही अशी रेघ ओढली. वाजवी किती आणि नफेखोरी कुठून सुरू, हे ठरवायला २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमी निकालातून निवृत्त न्यायमूर्तींच्या फी समित्या आल्या, २००५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या इनामदार प्रकरणात सात न्यायाधीशांनी त्या चालू ठेवल्या, आणि २०१५ मध्ये राज्याने प्रवेश आणि फी या दोन्हीसाठी कायदा केला.

हे सगळे निकाल कशाबद्दल आहेत बघा. फी किती, सीट कुणाला, कोटा किती. संस्थेच्या खुर्चीत कोण बसतो, किती वर्षं, त्याच्यानंतर कोण, आणि त्याला कोण उठवू शकतो, हे या निकालांमध्ये मुख्य प्रश्न म्हणून कुठे आलंच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, की आपण चाळीस वर्षं फीच्या मागे धावलो आणि खुर्ची तशीच राहिली. आणि खुर्ची हातात असली की फीवर नियंत्रण आलं तरी पैसा बाहेर काढायच्या वाटा उरतात. जागा घरच्यांच्या नावावर ठेवायची आणि संस्थेकडून भाडं घ्यायचं. बांधकाम, मेस, बस यांची कंत्राटं घरच्याच कंपनीला द्यायची. मुलाला संचालक करून पगार लावायचा. यातला प्रत्येक खर्च ऑडिटमध्ये नीट बसतो, आणि फी समितीपुढे खर्च म्हणून दाखवला की शेवटी विद्यार्थ्याच्या फीतूनच वसूल होतो. आयकर कायद्यात तरतूद आहे, संस्थेचा फायदा संस्थापकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला दिला तर करमाफी जाते. चांगली तरतूद आहे, पण त्यात वसूल होतो तो कर, विद्यार्थ्याला त्यातला रुपया परत मिळत नाही.

मास्तरांचं तर कुणी बोलतच नाही. माझा एक मित्र एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवायचा, बँकेत पूर्ण पगार जमा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यातला ठरलेला भाग काढून ऑफिसात रोख परत द्यायला लागायचा. कागदावर वेतन आयोगाचा पगार. त्याने तीन वर्षं दिले, कारण दुसरीकडेही तेच चालतं असं त्याला सगळे सांगायचे.

खासगी विद्यापीठांची गोष्ट यानंतर सुरू होते आणि तिची सुरुवातच वाईट झाली. छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा केला, सरकारने नुसती अधिसूचना काढली की विद्यापीठ तयार, आणि बघता बघता ११२ विद्यापीठं झाली. बऱ्याच जणांकडे इमारत नाही, कॅम्पस नाही, काही एका खोलीतून चाललेली. प्राध्यापक यशपाल, आपले शास्त्रज्ञ आणि यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, माजी अध्यक्ष, सुप्रीम कोर्टात गेले आणि फेब्रुवारी २००५ मध्ये कोर्टाने त्या कायद्याची ती कलमंच रद्द केली. तिथे शिकणाऱ्या मुलांची सोय लावायला सांगितलं. संस्थापकांचं काय? विद्यापीठ गेलं, एवढंच.

यूजीसीच्या हातात तरी काय आहे. १९५६ च्या कायद्याचं कलम २४ वाचा. अधिकार नसताना पदवी दिली किंवा स्वतःला विद्यापीठ म्हणवलं तर दंड १००० रुपयांपर्यंत. १९५६ मध्ये ती रक्कम मोठी असेल. यूजीसीचं खरं हत्यार म्हणजे अनुदान रोखणं, आणि जो अनुदान घेतच नाही त्याच्यावर ते चालत नाही.

डीम्ड विद्यापीठांच्या, म्हणजे केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थांच्या वेळी मात्र पहिल्यांदा सरकारी कागदावर नेमका मुद्दा आला. केंद्राने नेमलेल्या टंडन समितीने तपासणी केली, ४४ डीम्ड विद्यापीठं दर्जा ठेवायला लायक नाहीत असं म्हटलं, आणि केंद्राने जानेवारी २०१० मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं की अनेक ठिकाणी कारभार शिक्षणतज्ज्ञांच्या नाही तर कुटुंबांच्या हातात आहे. हे वाक्य १९८३ नंतर लगेच कुणी लिहिलं असतं तर बरंच काही वेगळं झालं असतं असं मला वाटतं. त्याच वर्षी संसदेत कॅपिटेशन फी, खोट्या जाहिराती वगैरे गैरप्रकारांविरुद्ध विधेयक आलं, ते पास न होता २०१४ मध्ये लोकसभेबरोबर संपलं.

आणि पैसा सरळ असला तरी प्रश्न संपत नाही. अशोका विद्यापीठ हरियाणात २०१४ मध्ये सुरू झालं, एका घराण्याचं नाही, अनेक देणगीदारांनी मिळून काढलेलं. तरी मार्च २०२१ मध्ये तिथले प्राध्यापक आणि राजकीय विश्लेषक प्रताप भानू मेहता तिथून बाहेर पडले, आणि राजीनाम्यात त्यांनी लिहिलं की संस्थापकांना भेटल्यावर आपण विद्यापीठासाठी राजकीय अडचण ठरतोय हे आपल्याला स्पष्ट झालं. म्हणजे संस्थापकाने एक रुपया उचलला नाही तरी वर्गात कोण उभा राहणार यावर त्याचा हात असू शकतो. अमेरिकेत हे १९०० मध्येच झालं होतं, स्टॅनफर्डमध्ये संस्थापकाच्या पत्नी जेन स्टॅनफर्ड यांना एडवर्ड रॉस या प्राध्यापकाची मतं पटली नाहीत आणि त्याला जावं लागलं. तिकडच्या प्राध्यापकांनी ते विसरलं नाही, १९१५ मध्ये त्यांनी आपली देशव्यापी संघटना काढली आणि प्राध्यापकाला मतांवरून काढता येऊ नये यासाठी नियम मिळवत गेले. आपल्याकडे खासगी विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या मागे अशी कुठली ताकद उभी आहे?

महाराष्ट्रात २०१४ च्या सुमारापासून एकेका खासगी विद्यापीठासाठी वेगळा कायदा होत गेला, मग २०२३ मध्ये सगळ्यांसाठी एक कायदा आला. रचना सगळीकडे साधारण तीच. एक पुरस्कर्ती संस्था, म्हणजे ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी, ती ठेव ठेवते, जमीन दाखवते, आणि कुलपतींची निवड तिच्यापासूनच सुरू होते. सरकारी विद्यापीठात कुलपती राज्यपाल असतात, त्यांच्यावर टीका करता येते, विधिमंडळात विषय काढता येतो. इथे कुलपती बहुतेक ठिकाणी तेच साहेब असतात किंवा त्यांचा मुलगा. ज्या पुरस्कर्त्या संस्थेने त्यांना नेमलं तिचे अध्यक्षही तेच. माहिती अधिकारात अर्ज टाकला तर बऱ्याच वेळा उत्तर येतं की आम्ही सार्वजनिक प्राधिकरण नाही.

एक दार अजून उघडं आहे. संस्था महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून, फी भरून, शेड्युल वनचा उतारा, चेंज रिपोर्ट आणि ऑडिट केलेल्या हिशोबाच्या नकला मागता येतात. त्यासाठी माहिती अधिकार लागत नाही, विद्यार्थी किंवा पालक असायची गरज नाही. मी भावाच्या कॉलेजच्या ट्रस्टचे १९९६-९७ चे हिशोब मागितलेत, बिल्डिंग फंडात त्या वर्षी किती रक्कम जमा दाखवलीये ते बघायला. अर्जाची पोच मी त्या जुन्या पावतीलाच टाचून ठेवलीये.