वृक्षिका

झाडात किंवा झाडापाशी राहणारी स्त्रीदेवता. शिल्पात हिला वृक्षिका, यक्षी, शालभंजिका असं काहीही म्हणतात. हात वर करून फांदी धरलेली, एक पाय खोडाला टेकवलेला नाहीतर गुंडाळलेला, अशी पोझ दिसली की हीच समजायची.

मूळ कुठलं यावर वाद जुना आहे. अवदानशतकात (जुन्या बौद्ध कथांचा संग्रह) श्रावस्तीचे लोक साल नावाच्या झाडाची फुलं तोडून सण करायचे असं वर्णन येतं (शालभंजिका म्हणजे हीच सालाची फांदी मोडणारी), त्यावरून डच अभ्यासक फोगेल यांनी १९२९ मध्ये मांडलं की आधी हा खेळ होता आणि खेळणारी बाईच पुढं दगडात आली. कलाइतिहासकार आनंद कुमारस्वामींचा कल मात्र यक्षपूजेकडं, म्हणजे ही सुफलतेची देवता. भरहूतच्या बौद्ध स्तूपावर (साधारण इ.स.पू. दुसरं शतक, थोडं मागंपुढं) झाड कवटाळून उभ्या बाईशेजारी चंदा यक्षी असं नावच कोरलंय, त्यामुळं कुमारस्वामींचं पारडं जड वाटतं, पण अश्वघोषाच्या बुद्धचरितात खिडकीला टेकून झोपलेल्या बाईला तोरणावरच्या शालभंजिकेची उपमा आहे, म्हणजे तोवर ती देवता कमी आणि डेकोरेशन जास्त झाली असावी. सांचीच्या पूर्व तोरणावरची तर आंब्याच्या झाडाला लटकलीय, सालाचं झाड नाहीच.

सांचीच्या शेजारीच विदिशा, आणि इथं विदर्भाचा धागा येतो. विदिशेत घडणाऱ्या कालिदासाच्या मालविकाग्निमित्र नाटकातली मालविका विदर्भाची राजकन्या. राणी धारिणी झोक्यावरून पडून पाय दुखावून बसते, मग अशोकाला लाथ मारायचं काम मालविकेकडं येतं, कारण सुंदर बाईचा पाय लागल्याशिवाय अशोक फुलत नाही अशी समजूत (यालाच दोहद म्हणतात). तिची मैत्रीण बकुलावलिका तिचा पाय अळत्यानं रंगवते, पाच रात्रींत झाड फुललं तर राणी इच्छा पुरवणार असं ठरलेलं. शेवटी विदर्भाचे दोन भाग होतात, मधे वरदा नदी, म्हणजे आपली वर्धा. झेडपी शाळेच्या कंपाउंडला जो उंच सरळसोट अशोक लावतात तो हा नव्हे, नाटकातल्याला केशरी-लाल फुलांचे गुच्छ येतात.

अजिंठ्याला काही दारांच्या वरच्या कोपऱ्यात झाडाखाली मकरावर (मगरीसारखा काल्पनिक प्राणी) उभ्या बाया आहेत. पुढं याच चौकटीच्या खाली उतरून गंगा-यमुना झाल्या, असं बरेच अभ्यासक मानतात. गडचिरोलीत वैनगंगेकाठच्या मार्कंडा देवळावरच्या सुरसुंदरीही (भिंतीवर कोरलेल्या अप्सरांसारख्या बाया) याच घराण्यातल्या म्हणता येतील.

गावात अशी फांदी धरलेली बाई कोणी पुजत नाही. मातामायचं ठाणं कडुनिंबाखाली, शेंदूर फासलेले दगड, हिरव्या बांगड्या, लिंबू, बस. सात आसरा विहिरी-नदीच्या. पिंपळावर मुंज्या, तो पुरुष. गोंडांचा बडादेव साजाच्या झाडात, तोही बाई नाही. म्हणजे झाडात राहणं बायांकडंच आहे असं इथं नाही.

ग्रीकांच्या ड्रायड म्हणजे ओकच्या झाडातल्या देवता, त्यातल्या हॅमॅड्रायड झाडासोबतच मरतात. यांची नावं भलतीकडं पसरलीत: ड्रायस हे आठ पाकळ्यांचं थंड प्रदेशातलं फूल, त्यावरून सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या थंडीच्या काळाला यंगर ड्रायस म्हणतात. किंग कोब्राला कॅंटरनं १८३६ मध्ये हॅमॅड्रायस नाव दिलं, पण ते आधीच एका फुलपाखराच्या वंशाला दिलेलं असल्यानं बदलावं लागलं. इंग्रजीत मलबार ट्री निम्फ म्हणतात ते पांढरं-काळं फुलपाखरू सह्याद्रीचं. विदर्भाच्या सागाच्या रानात ना हा साप, ना ते फुलपाखरू.