झाडाचं पाणी कुणाच्या खात्यात?

दक्षिण आफ्रिकेत पाणी आणि वनं ही दोन कामं बरीच वर्षं एकाच मंत्र्याकडे होती. आपल्याला ही जोडी जरा नवलाची वाटते. महाराष्ट्रात जलसंपदा विभाग वेगळा, वन विभाग वेगळा, मृद व जलसंधारण विभाग आणखी वेगळा. तिकडे मात्र धरणं, गावातले नळ आणि डोंगरावरची झाडं हे सगळं एकाच आराखड्यात बसवावं लागे. उद्दिष्टं, खर्चाचे तक्ते आणि जबाबदार अधिकाऱ्यांची पदनामं हे त्या आराखड्यांतही होतंच. पण त्यांच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न होता: डोंगरावरच्या झाडानं जे पाणी पिऊन टाकलं, ते कुणाच्या हिशेबात धरायचं?

देश कोरडा आहे. सरासरी पाऊस वर्षाला सुमारे ४५० मिलिमीटर, जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास. नैसर्गिक जंगलानं व्यापलेली जमीन एक टक्क्याहूनही कमी. आणि अशा देशात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी किम्बर्लीला हिरे सापडले, मग १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोनं. खाणीच्या बोगद्यांना लाकडाचे टेकू लागतात, रेल्वेला स्लीपर लागतात. देशी झाडं हळू वाढणारी, म्हणून ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणि वॉटल (बाभळीच्या कुळातली झाडं) आले, मेक्सिको आणि युरोपातून पाइन आले. लागवडीला जागा निवडली ती जिथे पाऊस बरा पडतो अशी, म्हणजे नद्या जिथे उगम पावतात तेच डोंगर.

खालच्या शेतकऱ्यांच्या तक्रारी लवकरच सुरू झाल्या: वर झाडं वाढली तसे आमचे ओढे आटले. वनाधिकारी म्हणत, असं कसं होईल, झाडानं पाणी वाढतं. आपल्याकडेही शाळेत आपण हेच शिकलो. दोन्ही बाजू पोटतिडकीनं बोलत होत्या, पण मोजमाप कुणाकडेच नव्हतं. १९३५ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातल्या वनाधिकाऱ्यांची परिषद दक्षिण आफ्रिकेत भरली आणि त्याच सुमारास स्टेलनबॉशजवळच्या योंकर्सहूक खोऱ्यात मोजणी सुरू झाली. तिच्यामागे होता विख्त नावाचा वनशास्त्रज्ञ.

त्याची पद्धत साधी होती, पण धीराची. शेजारशेजारचे छोटे पाणलोट घ्यायचे. प्रत्येक ओढ्यावर खाचेचा छोटा बंधारा बांधायचा. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची अखंड नोंदत राहायची, उंचीवरून प्रवाह काढायचा. काही वर्षं नुसतीच नोंद ठेवायची, म्हणजे दोन ओढे एकमेकांच्या तुलनेत कसे वाहतात ते कळतं. मग एका पाणलोटात पाइन लावायचे आणि दुसरा आहे तसा ठेवायचा. लांगरिव्हिअर नावाचा पाणलोट तुलनेसाठी तसाच राखला. बॉसबौक्लूफमध्ये १९४० ला लागवड झाली, बीसिफ्लेईमध्ये १९४८ ला. एकदम सगळीकडे झाडं लावली असती तर फरक झाडामुळे पडला की पावसामुळे, हे कधीच कळलं नसतं. एका माणसाच्या नोकरीच्या काळात उत्तर मिळणार नाही हे माहीत असून हा प्रयोग मांडला गेला, आणि मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

उत्तर शेतकऱ्यांच्या बाजूनं आलं. पाइन वाढले तसे ओढे बारीक झाले. पुढे आजच्या म्पुमलांगा प्रांतात, मोकोबुलानला, गवताळ पाणलोटांवर हाच प्रयोग झाला. तिथे निलगिरीखालच्या ओढ्यात तिसऱ्याच वर्षी घट दिसली आणि नवव्या वर्षी तो पूर्ण कोरडा पडला. पाइनखालचा बाराव्या वर्षी आटला. निलगिरी सोळा वर्षांची झाल्यावर तोडली, तरी ओढा पुन्हा बारमाही वाहायला आणखी पाच वर्षं लागली. मुळांनी जमिनीत खोलवरचा साठा उपसला होता. तो भरल्याशिवाय ओढ्याला काय मिळणार?

या मोजणीच्या जोरावर १९७२ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्यापारी लागवडीला परवाना सक्तीचा झाला. धरणांचं नियोजन करणाऱ्यांना वरच्या अंगाची झाडं मोजावीच लागली.

पण पाण्याची मालकी तशीच होती. १९१२ च्या आणि नंतर १९५६ च्या जल कायद्याचा पाया होता काठाचा हक्क: ज्याची जमीन नदीला लागून, पाणी त्याचं. एरवी निरुपद्रवी वाटणारा हा नियम १९१३ च्या जमीन कायद्याशेजारी ठेवला की त्याचं खरं रूप दिसतं. त्या कायद्यानं बहुसंख्य कृष्णवर्णीयांना देशाच्या साताठ टक्के जमिनीपुरतं बांधलं, १९३६ नंतर तेरा टक्क्यांच्या आसपास. ज्याला काठाची जमीन घेताच येत नाही, त्याला काठाचं पाणी कुठून मिळणार? ऑरेंज नदीवर प्रचंड धरणं उभी राहिली, शेजारच्या लेसोथो देशाच्या डोंगरातून पाणी आणायचा करार १९८६ मध्ये झाला. कारखाने, खाणी आणि गोऱ्या शेतकऱ्यांचं सिंचन यांच्यासाठी हे सगळं नियोजन उत्तम होतं. होमलँड म्हणवल्या जाणाऱ्या, म्हणजे वर्णभेदी सरकारनं कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या काढलेल्या भागातल्या बायका मात्र डोक्यावर डबे घेऊन नदीवर जात राहिल्या. खात्याचं राजकीय वजनही तेव्हा फार नव्हतं. १९९१ मध्ये संरक्षणमंत्री मॅग्नस मालान यांची पदावनती करायची झाली, तेव्हा त्यांना दिलं गेलं ते हेच जल आणि वनखातं.

१९९४ मध्ये मंडेलांच्या मंत्रिमंडळात हे खातं कादर अस्माल यांच्याकडे आलं. ते कायद्याचे प्राध्यापक, डब्लिनमध्ये अनेक वर्षं विजनवासात काढलेले. त्या क्षणी अंदाजे १ कोटी २० लाख लोकांना सुरक्षित पिण्याचं पाणी नव्हतं आणि सुमारे २ कोटी १० लाखांना संडासाची धड सोय नव्हती. दहाही होमलँडचे पाणी आणि वनविभाग, त्यांचे कर्मचारी, त्यांच्या मोडक्या योजना आणि तोट्यातल्या लागवडी या खात्यात सामील करायच्या होत्या. त्याच वर्षीच्या श्वेतपत्रिकेत किमान मर्यादा ठरली: दर माणशी दिवसाला २५ लिटर, घरापासून २०० मीटरच्या आत. २५ लिटर म्हणजे आपल्याकडचे साधारण दोन हंडे. स्वयंपाक, पिणं, आंघोळ, भांडी सगळं त्यात. आकडा लहानच होता, पण खात्यानं तो लेखी मान्य केला, त्यामुळे पुढे त्याचा जाब विचारता आला.

कायदा बदलायचं काम अस्माल यांनी बेतानं नेलं. आधी लोकांसमोर चर्चेचं टिपण, मग १९९६ मध्ये २८ मूलभूत तत्त्वांना मंत्रिमंडळाची मान्यता, १९९७ मध्ये श्वेतपत्रिका, आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय जल कायदा. काठाचा हक्क गेला. पाणी राष्ट्राचं झालं आणि सरकार त्याचं विश्वस्त. वाटपाआधी दोन वाटे बाजूला काढणं सक्तीचं झालं: एक माणसाच्या मूलभूत गरजेचा, एक खुद्द नदीचा. उरेल त्यावर परवाने, जास्तीत जास्त ४० वर्षांचे. खात्याचं घोषवाक्य होतं, ‘थोडं, सगळ्यांना, कायमचं’.

आणि याच कायद्याच्या ३६ व्या कलमात योंकर्सहूकच्या बंधाऱ्यांची मोजणी उतरली. व्यापारी वनलागवड ही ‘प्रवाह घटवणारी कृती’ ठरली. म्हणजे पंप न लावता, पाट न काढता, नुसती झाडं लावून माणूस पाणी वापरतो, आणि त्याला धरणातून पाणी उचलणाऱ्यासारखाच परवाना लागतो. पाणी आणि वनं एकाच छताखाली असल्यानं हे कलम लिहिणं सोपं गेलं असणार, असं मला वाटतं. नाहीतर दोन खात्यांची पत्रापत्रीच वर्षानुवर्षं चालली असती.

दुसरी मोठी गोष्ट १९९५ मध्येच सुरू झाली होती. वॉटल, पाइन, हाकेआ, आपल्या ओळखीची घाणेरी अशी परकी झाडं लागवडीतून किंवा बागांतून निसटून ओढ्याकाठी माजली होती. १९९८ च्या एका अंदाजानुसार ती देशाच्या एकूण प्रवाहाच्या सात टक्क्यांच्या आसपास पाणी गिळत होती. अस्माल यांनी अडीच कोटी रँडच्या (रँड हे तिथलं चलन) निधीतून ‘वर्किंग फॉर वॉटर’ सुरू केलं: बेरोजगारांच्या हाती कुऱ्हाड आणि करवत द्यायची, ओढे मोकळे करायचे, रोज मजुरी द्यायची. मजुरांमध्ये ६० टक्के बायका असाव्यात असं उद्दिष्ट ठेवलं. आपल्या रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी बायकांच्या रांगा पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की आपण पाण्यासाठी झाडं लावायला माणसं लावतो, त्यांनी पाण्यासाठी झाडं तोडायला लावली.

१९९९ मध्ये रॉनी कॅस्रिल्स मंत्री झाले. ईस्टर्न केपमधल्या एका गावात त्यांनी तान्ह्या बाळाची आई नदीच्या वाळूत खड्डा करून पाणी काढताना पाहिली. गावात नवी नळयोजना होती, पण महिन्याला दहा रँड भरणं तिला शक्य नव्हतं. २००० च्या ऑगस्टमध्ये क्वाझुलू-नाताळ प्रांतात कॉलरा सुरू झाला आणि रुग्णांची संख्या लाखाच्या पुढे गेली. पैसे नसल्यानं नळ सोडून पुन्हा नदीवर गेलेली माणसं त्यात होती. २००१ पासून घरटी महिन्याला ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आलं. हिशेब तोच दोन हंड्यांचा: आठ माणसं, ३० दिवस. दाटीच्या घरांत एकाच नळावर आठाहून जास्त माणसं असत, आणि जोहान्सबर्गमधल्या सोवेटोच्या फिरी भागातले रहिवासी या मर्यादेविरुद्ध घटनात्मक न्यायालयापर्यंत गेले. २००९ मध्ये ते हरले.

१९९९ च्या वित्त व्यवस्थापन कायद्यानंतर खात्यांना आपला धोरणात्मक आराखडा अर्थसंकल्पाशी जोडून मांडणं भाग पडलं. जल कायद्यानं मागितलेली पहिली राष्ट्रीय जलसंपत्ती रणनीती २००४ मध्ये आली. देशाचे १९ जलव्यवस्थापन विभाग पाडून प्रत्येकात स्थानिक संस्था नेमायची होती. बराच काळ चालू अवस्थेत होत्या त्या दोनच. दर पाच वर्षांनी फेरआढावा घ्यायचा असं कायदा म्हणतो, दुसरी रणनीती आली २०१३ मध्ये आणि तिसरी २०२३ मध्ये.

दरम्यान छत बदललं होतं. २००९ मध्ये वनं कृषी आणि मत्स्यव्यवसायाकडे गेली, पाणी पर्यावरणाच्या जोडीला. २०१४ मध्ये पाण्याला मलनिस्सारण जोडलं. २०१९ मध्ये वनं पर्यावरणाकडे आली आणि पाणी गृहनिर्माणाकडे, तेही दोन वर्षांत पुन्हा सुटं झालं. परकी झाडं तोडण्याचं कामही पुढे पर्यावरण खात्याकडे गेलं. म्हणजे लागवडीचा पाणीपरवाना एका मंत्र्याकडे, लागवड आणि तोडणी दुसऱ्याकडे.

आपल्याकडे २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत महाराष्ट्रानं २, ४, १३ आणि ३३ कोटी झाडांची उद्दिष्टं ठेवली. वन विभागानं ती मोजली, जलसंपदेचा आराखडा वेगळा चालला. कोणती झाडं, कुठल्या ओढ्याच्या वर, हा प्रश्न दोन्ही विभागांनी एकत्र बसून सोडवायचा आहे आणि त्याची मला मनापासून आस आहे.

२०१८ च्या सुरुवातीला केप टाउनमध्ये माणशी ५० लिटरची मर्यादा आली आणि नळ बंद करायच्या दिवसाची तारीख जाहीर झाली. शहराला सर्वांत जास्त पाणी देणारं तीवॉटर्सक्लूफ धरण तळ दाखवत होतं, आणि त्याच्या पाणलोटातल्या कड्यांवर पाइन हिरवेगार उभे होते. ते तोडायला आता दोरखंड बांधून कड्यावर उतरणारी पथकं जातात, कारण तिथे पायवाट नाही.