सहा महिन्यांची युद्धबंदी आणि वर्षभराचा नारू

साठी ओलांडलेल्या पुष्कळांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं आणि वर्षभराने कुणाच्या तरी घोट्याजवळचा फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी बाहेर यायचा. भारतात शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात सापडला. सुदानात मात्र तेव्हा यादवी चालू होती.

नारूवर ना लस, ना औषध. मीटरभर लांबीची मादी काडीवर गुंडाळत रोज थोडी थोडी ओढायची. तुटली तर जखम चिघळते. आग शमवायला रुग्णाने पाय तळ्यात बुडवला की ती हजारो अळ्या सोडते. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जीव त्या गिळतात आणि न गाळलेल्या पाण्याबरोबर आपल्या पोटात जातात. म्हणून पाणी गाळायचं, रुग्णाला तळ्यात उतरू द्यायचं नाही, तळ्यात अळीनाशक टाकायचं. सगळी भिस्त गावोगाव फिरणाऱ्या माणसांवर, आणि गोळीबारात फिरणार कोण?

मार्च 1995 मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सुदानचं खार्टूममधलं सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर यांना युद्धबंदीला राजी केलं, तेही मुख्यतः नारूसाठी. ती जेमतेम सहा महिने टिकली. गाळायची कापडं वाटली गेली, मुलांना लसीही मिळाल्या. पण अळी पोटात गेल्यापासून कृमी बाहेर यायला दहा ते चौदा महिने लागतात. म्हणजे युद्धबंदीच्या पहिल्या दिवशी ज्याला लागण झाली, त्याचा नारू दिसणार ती मोडल्यावरच! खरी मोहीम 2005 च्या शांतता करारानंतर उभी राहिली. 2006 मध्ये दक्षिण सुदानात वीस हजारांवर रुग्ण मोजले गेले, 2017 मध्ये एकही नाही. मधे 2013 ला तिथे पुन्हा युद्ध पेटलं, तरी आकडा उतरत राहिला. गावातलेच स्वयंसेवक हा मोहिमेचा कणा होता, हे मला त्यामागचं मोठं कारण वाटतं.

आता अडचण कुत्र्यांची आहे. आफ्रिकेतल्या चाड देशात 2012 पासून नारू कुत्र्यांत सापडतोय; माशांची टाकलेली आतडी खाऊन त्यांना तो होत असावा, असा अंदाज आहे. तिथे लागण झालेला कुत्रा बांधून ठेवला की मालकाला रोख बक्षीस मिळतं. 2024 मध्ये जगभरात माणसांत 15 रुग्ण, प्राण्यांत मात्र सहाशेहून अधिक. रुग्ण निदान स्वतः येऊन पाय दाखवतो. कुत्र्यावर कुणीतरी नजर ठेवावी लागते. आफ्रिकेतल्याच माली देशात कुत्र्यांना लागण आहे आणि 2012 पासून सशस्त्र संघर्षही. जिथे आरोग्यसेवक पोहोचूच शकत नाहीत, तिथून शून्याचा आकडा आला, तरी मी त्यावर एवढ्यात भरवसा ठेवणार नाही.