सिरियम सल्फाइड: आधी मूस, मग रंग

झवेरी बाजारात सोनं आटवायला ग्रॅफाइटची मूस पुरते. प्लुटोनियमच्या बाबतीत एवढ्यावर भागेल याची खात्री नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात हा धातू हाती येण्याआधीच प्रश्न पडला: तो वितळवायचा कशात? तो किती तापमानाला वितळतो हेही ठाऊक नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत रसायनशास्त्रज्ञ लिओ ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी उष्मागतिकीचा हिशेब मांडून मुशीसाठी सिरियम मोनोसल्फाइड निवडलं, म्हणजे सिरियम हा धातू आणि गंधक यांचं एकास एक संयुग. सिरियमची गंधकावरची पकड इतकी घट्ट, की बहुतेक वितळलेल्या धातूंना ती सुटत नाही. अपवाद प्लॅटिनमचा, म्हणजे एरवी प्रयोगशाळेत डोळे मिटून वापरतात त्याच धातूचा!

हे संयुग करायचं म्हणजे मात्र खटाटोप. सिरियम ऑक्साइडची फिकट पिवळी पूड ग्रॅफाइटच्या भांड्यात घालून, हजार अंशांच्या वर तापवत, तिच्यावरून हायड्रोजन सल्फाइड सोडायचा. वायू विषारी, वास सडक्या अंड्याचा. जरा ऑक्सिजन राहिला की ऑक्सिसल्फाइड होऊन बसतं. नीट जमलं तर दोन सिरियमला तीन गंधक असं सेस्क्विसल्फाइड मिळतं. त्यात सिरियम हायड्राइड मिसळून निर्वातात तापवलं की मोनोसल्फाइड. रंग पितळी, धातूसारखं वीजवाहक, वितळणबिंदू सुमारे २४५० अंश सेल्सिअस. आणि प्लुटोनियम? ते निघालं साधारण ६४० अंशांना वितळणारं.

आपल्याकडे सिरियम आलं ते थोरियम या किरणोत्सारी धातूच्या मागोमाग. त्रावणकोरच्या वाळूत मोनाझाइट, म्हणजे हे दोन्ही धातू असलेलं खनिज, आहे हे १९०९मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाने ओळखलं, तेव्हा थोरियमची गरज होती ती गॅसबत्तीच्या मेंटलसाठी. १९५०मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिचं मुख्य कार्यालय प्रभादेवीला, सिद्धिविनायकाजवळ. मोनाझाइटचा कारखाना मात्र केरळात आलुव्याला उभा राहिला. १९५५मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला थोरियमचा कारखाना निघाला. सगळ्यांचं लक्ष थोरियमवर. मोनाझाइटमधल्या दुर्मीळ मृदा धातूंत सिरियमचा वाटा सगळ्यात मोठा, पण मान जोडउत्पादनाचा.

सल्फाइडला बाजार मिळाला तो लाल रंगामुळे. कॅडमियमचे तांबडे रंग विषारी म्हणून नकोसे झाले, तेव्हा १९९०च्या दशकात फ्रान्सच्या रोन-पूलांक या रसायन कंपनीने सेस्क्विसल्फाइडचं रंगद्रव्य आणलं. त्याची तीन रूपं: अल्फा काळपट, बीटा गडद किरमिजी, गॅमा लालभडक. हवं असतं गॅमा. ते एरवी फार वरच्या तापमानाला बनतं, थोडं सोडियम घातलं की खालच्याच तापमानाला स्थिर राहतं. प्लास्टिकच्या साच्यातली उष्णता हा रंग सहज सोसतो. आम्ल मात्र नाही. म्हणून त्याच्या कणांवर सिलिकासारखं आवरण चढवावं लागतं.