सुपरमॅनची व्हीलचेअर आणि मुंबईतला जिना

पडद्यावरचे सुपरमॅन क्रिस्टोफर रीव्ह २७ मे १९९५ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनियात घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरले होते. अडथळ्यापाशी घोडा अचानक थांबला आणि ते डोक्यावर आपटले. मानेतले सगळ्यात वरचे दोन मणके मोडले. खांद्यांखालची हालचाल गेली, श्वास व्हेंटिलेटरवर आला. वय होतं ४२.

मार्च १९९६ मध्ये ते व्हीलचेअरवरून ऑस्करच्या मंचावर आले आणि सभागृह उभं राहिलं. पुढची आठ वर्षं त्यांनी मज्जारज्जूवरच्या संशोधनासाठी पैसा उभा केला, स्टेम सेल (मूळ पेशी) संशोधनाची बाजू मांडली, विम्याच्या अपुऱ्या मर्यादांविरुद्ध सरकारदरबारी खेटे घातले. त्यांच्या आणि पत्नी डॅना यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत २००९ साली झाला.

रीव्ह यांच्यावर अपंगांच्या चळवळीतूनच टीका झाली, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. आपण पुन्हा चालणार, असं ते ठामपणे म्हणत. २००० साली एका जाहिरातीत संगणकाच्या करामतीने ते चालताना दिसले, तेव्हा कार्यकर्ते उखडले. बरं होण्याची वाट बघत बसायचं, की आहे त्या शरीरानिशी आज घराबाहेर पडता आलं पाहिजे म्हणून भांडायचं, असा तो वाद होता. मला कार्यकर्त्यांचं म्हणणं पटतं. पण जो माणूस आपला श्वास स्वतः घेऊ शकत नाही, त्याने बरं होण्याचा ध्यास धरला तर त्याला दोष कसा द्यायचा?

१० ऑक्टोबर २००४ रोजी ते गेले. त्याआधी बेडसोरमधून, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेतून, झालेल्या संसर्गावर उपचार चालू होते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात टोचलेलं, दुखलेलं बहुतेकदा कळत नाही. त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, नितंब रोज नीट बघावे लागतात. कातडी लाल दिसली की तिथला दाब लगेच काढायचा. चोवीस तास नर्स दिमतीला असूनही रीव्ह यातून सुटले नाहीत. आपल्याकडे चाळीतल्या एका खोलीत हे सगळं आई किंवा बायको एकटीने करते, तिच्या झोपेचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. कायदा मात्र उशिरा आला. रीव्ह पडले त्याच वर्षी, डिसेंबरमध्ये, संसदेने अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा मंजूर केला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के केलं.

तरीही लोकलमध्ये राखीव डबा आहे आणि स्टेशनवरची लिफ्ट बंद असली की त्या डब्यापर्यंत पोचायला जिनाच उरतो. मुंबईत वाढलेल्या नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी १९८१ च्या बस अपघातानंतर पाय गमावला आणि जयपूर फूटवर पुन्हा नाचल्या. विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, ही व्यथा त्यांनी २०२१ मध्ये जाहीरपणे मांडली, तेव्हा सुरक्षा दलाने माफी मागितली. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्यालाही व्हिडिओ करून सांगावं लागलं.

जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करायला २०१६ च्या कायद्याने नियम लागू झाल्यापासून पाच वर्षं दिली होती. ती २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचा, म्हणजे अपंगांना वापर सोपा करण्याचा, मूळ नियमच कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवा, असं केंद्राला बजावलं.