ओयेवो, कोला

ओयेवो, कोला : (२७ मार्च १९४६ – ). नायजेरियातील योरुबा (नैर्ऋत्य नायजेरियातील एक लोकसमूह व त्याची भाषा) रंगभूमीवरील व चित्रपटांतील अभिनेते आणि नाट्यविषयाचे विद्यापीठीय अध्यापक. जन्म आजच्या ओशुन राज्यातील ओबा-इले या गावी.

आधी पदवी आणि मग रंगमंच हा क्रम ओयेवोंच्या बाबतीत उलटा झाला. १९६४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी ते ओयिन अदेजोबी यांच्या नाटक मंडळीत दाखल झाले. योरुबा मुलखातील अशा फिरत्या मंडळ्या मालक-नटाच्या नावाने चालत. त्यांत लिखित संहिता सहसा नसे. कथानक ठरलेले असले, तरी संवाद नटाने प्रयोगातच रचायचे. म्हणींचा साठा आणि ढोलाच्या बोलांची जाण नसलेल्याचा तेथे निभाव लागणे कठीण.

१९७३ मध्ये ते इले-इफे येथील विद्यापीठाच्या नाट्यसंचात आले. (हे इफे विद्यापीठ १९८७ पासून ओबाफेमी अवोलोवो विद्यापीठ म्हणून ओळखले जाते.) संचाचे प्रमुख, नाटककार ओला रोतिमी यांनी ग्रीक नाटककार सॉफोक्लीझच्या ईडिपसची (दैवगतीने नकळत बापाला मारणाऱ्या राजाची) कथा योरुबा राजघराण्यात नेऊन इंग्रजीत नाटक लिहिले होते, त्याचा पहिला प्रयोग १९६८ मध्ये, नायजेरियातील यादवी युद्ध चालू असताना झाला. (याच ग्रीक नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले.) रोतिमींचा नायक ओदेवाले निव्वळ दैवाचा बळी नाही. शेताच्या भांडणात एक अनोळखी वृद्ध त्याच्या जमातीचा पाणउतारा करतो आणि संतापाच्या भरात ओदेवालेच्या हातून तो मारला जातो. तो वृद्ध त्याचा बाप असतो. ओदेवालेच्या भूमिकेने ओयेवोंचे नाव झाले. रोतिमींचे इंग्रजी योरुबा म्हणींच्या वळणाचे असल्याने मंडळीतली तालीम येथे पुरेपूर कामी आली असणार.

नाट्यकलेचे प्रमाणपत्र त्यांनी इफेलाच मिळवले, पदवी मात्र १९९५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. पुढे इबादान विद्यापीठातून एम.ए. व पीएच.डी. केली आणि इफेत अध्यापन केले.

चित्रपटांत त्यांची सर्वांत लक्षात राहणारी भूमिका तुंदे केलानी दिग्दर्शित ‘शावोरोइदे’मधील (१९९९) लापिते राजाची. जोग्बो नगरीत राजाला प्रजेशी बांधून ठेवणारा पूर्वापार विधी लापिते टाळतो आणि जंगल तोडणाऱ्या ठेकेदारांकडून पैसा खात गादीवर बसतो. लष्करी राजवट संपून लोकनियुक्त सरकार आले त्याच वर्षीचा हा चित्रपट. त्यातला रोख नायजेरियन प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही. अकिनवुमी इशोला यांच्या पटकथेतला हा राजा केवळ खलनायक म्हणून रंगवणे सोपे होते. ओयेवोंनी त्याला लोभाबरोबर रुबाबही दिला.

सप्टेंबर २०११ मध्ये ते वरिष्ठ अधिव्याख्याता म्हणून इफेतून निवृत्त झाले आणि रिडीमर्स विद्यापीठात नाट्यकला विभागाचे प्रमुख झाले.