भारत–नेपाळ संबंध

हिमालयाच्या दक्षिण उतारावरील नेपाळ आणि भारत यांच्यातील राजनैतिक, आर्थिक व सांस्कृतिक संबंध. दोन्ही देशांची सरहद्द सुमारे १,७५० किमी. लांबीची असून ती उत्तराखंड, उत्तर प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल व सिक्कीम या भारतीय राज्यांना लागून आहे. उभय देशांचे नागरिक व्हिसाविना ती ओलांडतात. या खुल्या सीमेचा आरंभ उभय देशांतील शांतता व मैत्रीच्या १९५० च्या तहात दाखविण्याची प्रथा आहे. परंतु त्या तहाचे सातवे कलम निवास, मालमत्ता, व्यापार व संचार यांबाबत परस्परांच्या नागरिकांना समान सवलती देते, सीमेच्या स्वरूपाविषयी काही सांगत नाही. लोकांची ये-जा त्याआधीपासूनची होती व तहाने तिला कायद्याचा आधार दिला, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सुगौलीचा तह व सीमाप्रश्न : आजच्या सीमेचा पाया ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांच्यातील युद्धाअंती (१८१४–१६) झालेल्या सुगौलीच्या तहाने घातला. सुगौली हे गाव सध्याच्या बिहारमधील पूर्व चंपारण जिल्ह्यात आहे. तहाचा दिनांक कोठे २ डिसेंबर १८१५, तर कोठे ४ मार्च १८१६ असा आढळतो. पहिला मसुद्यावरील सह्यांचा, तर दुसरा नेपाळने मंजुरी दिल्याचा आहे. मधल्या तीन महिन्यांत काठमांडूच्या दरबाराने मंजुरी रोखून धरली होती व कंपनीचा सेनापती डेव्हिड ऑक्टरलोनी याच्या फौजा मकवानपूरपर्यंत येऊन ठेपल्या होत्या. तह अंमलात आल्याचा दिवस म्हणून त्यामुळे दुसरा दिनांक स्वीकारावा.

तहाच्या पाचव्या कलमानुसार काली नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशांवरचा हक्क नेपाळने कायमचा सोडला. मात्र ‘काली’ म्हणजे उगमाकडील नेमका कोणता प्रवाह, हे कलमात म्हटलेले नाही. गुंजी गावाजवळ दोन प्रवाह एकत्र येतात : वायव्येकडून, लिंपियाधुराच्या बाजूने येणारी कुठी यांक्ती आणि लिपुलेख खिंडीकडून कालापानीवरून येणारा प्रवाह. पहिला प्रवाह हीच काली, असे नेपाळ मानतो. भारताच्या मते काली कालापानीजवळच्या झऱ्यांपासून सुरू होते. लिंपियाधुरा, कालापानी व लिपुलेख यांचा वाद या एका शब्दाच्या अर्थावर उभा आहे.

लांबी व पाण्याचे प्रमाण पाहता कुठी यांक्ती हाच मोठा प्रवाह आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही ब्रिटिश नकाशे त्यालाच काली म्हणतात; नेपाळी अभ्यासकांचा भर यावर असतो. उलटपक्षी, १८१७ मध्ये नेपाळच्या मागणीवरून ब्रिटिशांनी टिंकर व छांगरू ही गावे सोडली, पण कुठी व नाबी यांवरील पुढची मागणी फेटाळली आणि तेथील महसुली कारभार कुमाऊँकडेच ठेवला. तहाला लागून असलेल्या वर्षांतील या व्यवहाराला भारतीय बाजूने अधिक वजन दिले जाते. भूगोलाच्या कसोटीवर नेपाळचे आणि प्रत्यक्ष कारभाराच्या कसोटीवर भारताचे म्हणणे सबळ दिसते. केवळ तहाच्या शब्दांवरून निर्णय देता येत नाही. १९५४ च्या भारत–चीन करारात लिपुलेख ही यात्रेकरू व व्यापाऱ्यांच्या वाटेची खिंड म्हणून नमूद आहे. संयुक्त तांत्रिक समितीने २००७ पर्यंत सीमेच्या सुमारे ९८ टक्के भागाचे नकाशे तयार केले. कालापानी व गंडक नदीने पात्र बदलल्यामुळे वादात सापडलेले सुस्ता हे भाग राहिले. मे २०२० मध्ये भारताने लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचे उद्‌घाटन केले; त्याच महिन्यात नेपाळने हा प्रदेश आपल्या हद्दीत दाखविणारा नकाशा प्रसिद्ध केला व जूनमध्ये संविधानदुरुस्तीने तो राष्ट्रचिन्हात समाविष्ट केला.

राजनैतिक संबंध : १८५७ च्या उठावात नेपाळचे पंतप्रधान जंगबहादुर राणा यांनी ब्रिटिशांना साहाय्य केले व त्याबद्दल १८६० मध्ये बांके, बर्दिया, कैलाली व कंचनपूर हा तराईचा पश्चिम पट्टा नेपाळला परत मिळाला. त्याच नेपाळमध्ये बेगम हजरत महल यांना आश्रय मिळाला आणि नानासाहेब पेशवेही तराईत शिरले. नानासाहेबांच्या अखेरीविषयी मात्र एकमत नाही. शांतता व मैत्रीचा तह ३१ जुलै १९५० रोजी झाला. नेपाळच्या बाजूने सही राणा पंतप्रधानांची, तर भारताच्या बाजूने राजदूताची होती. ही असमानता आणि शस्त्रखरेदीविषयीच्या तरतुदी यांवर नेपाळमध्ये सतत टीका होत आली आहे. एक वर्षाची सूचना देऊन तह संपविण्याची मुभा दोघांनाही आहे. ती आजवर कोणी वापरलेली नाही. तहानंतर थोड्याच महिन्यांत राजे त्रिभुवन यांनी भारतीय वकिलातीत आश्रय घेतला आणि १९५१ च्या आरंभी राणाशाही (राणा घराण्यातील पंतप्रधानांची वंशपरंपरागत सत्ता) संपुष्टात आली.

आर्थिक संबंध : भारत हा नेपाळचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार असून समुद्रमार्गे येणारा नेपाळचा माल मुख्यत्वे कोलकाता–हल्दिया बंदरांतून रक्सौल–वीरगंजमार्गे जातो. १९९३ पासून १ भारतीय रुपया = १.६० नेपाळी रुपये हा दर स्थिर आहे. १९८९ मध्ये व्यापार व पारवहन (भारतातून नेपाळी मालाची ने-आण) करार संपुष्टात आल्याने आणि २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या संविधानाविरोधातील मधेशी (तराईतील रहिवाशांच्या) आंदोलनाच्या काळात मालवाहतूक खुंटली. दुसऱ्या घटनेला नेपाळ भारताची नाकाबंदी म्हणतो. भारताने ते नाकारले. मोतिहारी–अमलेखगंज ही ६९ किमी. लांबीची इंधनवाहिनी २०१९ पासून सुरू आहे. कोसी (१९५४) व गंडक (१९५९) या नद्यांच्या पाण्याविषयीच्या करारांवर नेपाळी जनमत नाराज राहिले. ऑगस्ट २००८ मध्ये कुसहा येथे कोसीचा बांध फुटून दोन्ही देशांत हाहाकार उडाला. काली नदीच्या पाण्याविषयीच्या महाकाली तहातील (१९९६) पंचेश्वर धरण अजून झालेले नाही.

सांस्कृतिक संबंध : काठमांडूच्या पशुपतिनाथ मंदिरातील मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण भारतातून येतात. लुंबिनी व जनकपूर ही भारतीय यात्रेकरूंची, तर काशी व गया ही नेपाळी भाविकांची तीर्थे आहेत. भारत, नेपाळ व ब्रिटन यांच्यातील १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार दहापैकी सहा गोरखा रेजिमेंट भारताकडे राहिल्या. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून नेपाळमधील भरती थांबली आहे. नेपाळी भाषा १९९२ मध्ये भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. सीमेच्या दोन्ही अंगांना बोलली जाणारी मैथिली ही नेपाळमधील मातृभाषिकांच्या संख्येने दुसरी भाषा आहे.